आधी जागा, मग तार, मग राउटर

बॉटनी डाउन्समधल्या अनेक घरांत इंटरनेट सगळ्यात आधी गॅरेजमध्ये उतरतं. ऑकलंडच्या मध्यवर्ती भागापासून आग्नेयेला सुमारे वीस किलोमीटरवर असलेलं हे उपनगर मुख्यतः गेल्या तीन-चार दशकांत वसलं. दर्शनी भागाला विटा, आत लाकडी सांगाडा, पुढे दोन गाड्यांचं गॅरेज, वर झोपायच्या खोल्या. गॅरेजच्या भिंतीवर एक पांढरी पेटी असते, तिला ओएनटी म्हणतात. रस्त्याखालून आलेला काचेचा धागा या पेटीत संपतो. शेजारच्या फळीवर राउटर, त्याखाली गवत कापायचं यंत्र आणि इंडियन स्टोअरमधून आणलेली कणकेची मोठी पिशवी. ज्या खोलीत नवरा किंवा बायको दिवसभर लॅपटॉपवर काम करते, ती मात्र वरच्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात. आठवड्यातून एकदा तरी त्या खोलीतून ‘नेट गेलं’ अशी हाक येते, पण गॅरेजमधल्या पेटीवरचे हिरवे दिवे मजेत चालू असतात.

त्या हाकेचं उत्तर बहुतेक घरांत नवा, जास्त अँटेनांचा राउटर आणून दिलं जातं. हे उत्तर चुकीचं असतंच असं नाही. पण ते फार लवकर दिलेलं असतं.

न्यूझीलंडने घरोघरी फायबर नेण्याचं काम गंभीरपणे केलं. सरकारच्या अल्ट्रा-फास्ट ब्रॉडबँड योजनेच्या पहिल्या टप्प्याचे करार २०११ मध्ये पुरे झाले, त्याच वर्षी ‘टेलिकॉम’ या कंपनीपासून ‘कोरस’ वेगळी काढण्यात आली, आणि २०२२ च्या अखेरीला देशातल्या सुमारे ८७ टक्के लोकसंख्येच्या दारापर्यंत काचेचा धागा पोचला होता. ऑकलंडमध्ये हा धागा कोरसचा. कोरस ग्राहकाला थेट इंटरनेट विकत नाही. विकतात स्पार्क, वन एनझेड, टू-डिग्रीज आणि इतर कंपन्या, सगळ्या त्याच धाग्यावरून. २०२१ च्या अखेरीला सर्वसाधारण १०० मेगाबिटची जोडणी ३०० ची झाली आणि २०२५ च्या मध्याला ५०० ची. ज्यांना आणखी हवं त्यांच्यासाठी २, ४ आणि ८ गिगाबिटचं ‘हायपरफायबर’ आहे.

यातून एक गोष्ट उघड होते. घराबाहेरचा रस्ता आता इतका रुंद झाला आहे की अडचण बहुधा उंबऱ्याच्या आतच असते. कंपनी बदलली की बिलावरचं नाव बदलतं आणि पोस्टाने नवा राउटर येतो. काचेचा धागा तोच राहतो, ओएनटी तीच राहते, गॅरेजही तेच. मागच्या खोलीतलं वाय-फाय कंपनी बदलून सुधारत असतं तर ऑकलंडच्या अर्ध्या तक्रारी मिटल्या असत्या.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉपला लॅन केबल लावून ती थेट राउटरमध्ये खोचायची आणि वेग मोजायचा, मग तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन वाय-फायवर मोजायचा. केबलवर साडेचारशे आणि खोलीत तीस आले, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. न्यूझीलंडचं कॉमर्स कमिशन २०१८ पासून देशभरातल्या ब्रॉडबँडचा दर्जा मोजतं, तेव्हा स्वयंसेवकांच्या घरी दिलेली मोजणीची छोटी पेटी राउटरला तारेनेच जोडली जाते. वाय-फायचा दोष कंपनीच्या माथी लागू नये, हाच त्यामागचा हेतू.

आता घराकडे पाहू. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाची भिंतीबद्दलची समज इथे थोडी फसते. तिकडे आरसीसीचे कॉलम, विटांची किंवा ब्लॉकची भिंत, वर स्लॅब. हॉलमधल्या टीव्हीजवळ राउटर असला की दोन भिंती ओलांडताना सिग्नलचा दम निघतो, शिवाय त्याच इमारतीतले वीस-तीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात. बॉटनीतलं घर सुटं असतं, शेजाऱ्यांची संख्या कमी, आणि आतल्या भिंती म्हणजे पाइनच्या लाकडी चौकटीवर ठोकलेला ‘जिब’, म्हणजे जिप्समचा बोर्ड. रेडिओ लहरींच्या दृष्टीने ही भिंत जवळजवळ पडद्यासारखी. म्हणून नुकतंच आलेलं कुटुंब खूश होतं, आणि मग कोड्यात पडतं, कारण घर लांबुळकं आणि दुमजली असतं आणि राउटर एका टोकाला.

खरे अडथळे भिंतीत नसतात, कपाटांत असतात. घराच्या मधोमध एका कपाटात गरम पाण्याचं सिलिंडर उभं असतं. १८० लिटरचं हे भांडं इथे सर्रास दिसतं. पोलादाचं उभं पिंप आणि आत पाणी, ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना अडवायला याहून चांगली वस्तू मुद्दाम शोधून सापडणार नाही. त्याखालोखाल फ्रिज, बाथरूममधला भिंतभर आरसा, उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असलेली खिडकीची काच, आणि काही घरांत इन्सुलेशनसाठी वापरलेलं चंदेरी फॉइल. गॅरेजमध्ये गाडी उभी असेल तर आणखी एक लोखंडी पडदा. म्हणजे गाडी बाहेर गेली की दिवाणखान्यातलं नेट सुधारतं, असा चमत्कार काही घरांत खरोखर घडू शकतो.

लहरींचं गणितही लक्षात घ्यायला हवं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. लांब लहर लांब जाते, वेग कमी देते. आखूड लहर वेग देते, पण भिंतींपुढे लवकर थकते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल प्रत्यक्षात तीनच, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, ब्लूटूथही आणि बाळाचा मॉनिटरही. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, पण तिचा मोठा भाग रडारबरोबर वाटून घ्यावा लागतो. तिथे जाण्यापूर्वी राउटर मिनिटभर कान देऊन ऐकतो, आणि रडार ऐकू आलं की मुकाट दुसरीकडे सरकतो. ‘मध्येच एक मिनिट वाय-फाय गायब झालं’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं.

वाय-फाय आणि तार यांतला मूळ फरक मात्र वेगाचा नाही. तो बोलण्याच्या शिस्तीचा आहे. वाय-फाय म्हणजे एकच माईक असलेली ग्रामसभा. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबून पुन्हा सुरुवात करायची. फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, व्हॅक्यूम करणारा रोबो, सगळे त्याच रांगेत. त्यात एखादं जुनं उपकरण सावकाश बोलणारं असलं की त्याचा वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो. तारेला ही रांग नाही. स्विचला, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीला, जोडलेल्या प्रत्येक केबलवर जाणारी आणि येणारी वाहतूक एकाच वेळी चालते.

गंमत अशी की तारेच्या जाळ्याने आपली पहिली अक्कल बिनतारी जाळ्याकडूनच घेतली. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं. दोघे एकदम बोलले तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, ही त्याची रीत. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी तीच कल्पना सुधारून १९७३ मध्ये तारेवर आणली आणि तिला इथरनेट नाव दिलं. पुढे इथरनेटने स्विच आणून ती गर्दी संपवली. १९९७ मध्ये २ मेगाबिटच्या वेगाने सुरू झालेलं वाय-फाय हवेत असल्यामुळे आजही त्या रांगेतून पूर्ण सुटलेलं नाही. खोलीत भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींचा त्रास कमी करण्याची एक महत्त्वाची युक्ती मात्र शेजारच्या ऑस्ट्रेलियातली. रेडिओ खगोलशास्त्रातून आलेल्या जॉन ओ’सलिव्हन यांच्या गटाने सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात ती शोधली, आणि पुढे तिच्या पेटंटवर संस्थेने भरपूर पैसेही मिळवले.

बोलण्याच्या या शिस्तीचा परिणाम सगळ्यात जास्त जाणवतो तो पुण्याला व्हिडिओ कॉल लावल्यावर. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात रात्री साडेआठला कॉल लावला की तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो, आजी जेवून बसलेली असते. ऑकलंड ते मुंबई हवाई अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या धाग्यात प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच किमान १२० मिलिसेकंद लागणार. समुद्राखालच्या केबल वळसे घेत जातात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. हा उशीर कोणत्याही राउटरने कमी होत नाही, आणि तो एकसारखा असेल तर आजीला तो कळतही नाही. खटकते ती अनियमितता. आवाज-चित्राचं एक पाकीट दोनशे मिलिसेकंदांनी आलं, पुढचं पाचशेने, मग चार एकदम. ही अनियमितता बऱ्याचदा शेवटच्या पंधरा मीटरमध्ये, वरच्या मजल्यावरच्या वाय-फायमध्ये तयार होते. अशा कॉलला वेग फारसा लागत नाही, काही मेगाबिट पुरतात. ४के चित्रपटासाठीसुद्धा नेटफ्लिक्स १५ मेगाबिट सुचवतं. म्हणजे ५०० ची जोडणी असलेल्या घराला कमतरता वेगाची नसते, सातत्याची असते. हायपरफायबर घेण्याआधी एवढा विचार जरूर करावा.

तेव्हा पहिला खर्च तारेवर करावा, हे या लेखकाचं स्पष्ट मत. ज्या वस्तू जागेवरून हलत नाहीत, म्हणजे टीव्ही, कामाचं टेबल, गेमिंगचा डबा आणि विशेषतः वरच्या मजल्यावर वाय-फाय पसरवणारा डबा, त्या तारेवर घ्याव्यात. फोन आणि टॅबलेटसाठी हवा मोकळी होते.

कोणती तार? कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आरामात नेते, कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिट. बॉटनीतल्या कुठल्याही घरात ५५ मीटरची गरज पडत नाही. नवीन ओढायची असेल तर कॅट ६ घ्यावी, कारण खरा खर्च ओढण्याच्या श्रमाचा असतो. जपायचं ते एका फसवणुकीपासून. ऑनलाइन फार स्वस्त मिळणाऱ्या काही केबलमध्ये तांबं नसतं, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. बॉक्सवर ‘सीसीए’ ही अक्षरं दिसली की ठेवून द्यावी.

ओढायची तर कुठून? बैठ्या घरात छतावरच्या पोकळीतून, म्हणजे माळ्यावरून तार नेऊन हव्या त्या खोलीच्या भिंतीत खाली सोडता येते. जिब बोर्डच्या मागे लाकडी पट्ट्यांमधली पोकळी असतेच. दुमजली घरात काम अवघड होतं, कारण खालच्या मजल्यावर पोचायला दोन मजल्यांमधली तुळई ओलांडावी लागते. अशा वेळी कपाटांच्या कोपऱ्यातून जाणं शहाणपणाचं. ऑस्ट्रेलियात घरातली टेलिफोन-डेटाची वायरिंग नोंदणीकृत माणसाकडूनच करून घ्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये डेटा केबलला ही सक्ती नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी माळ्यावर चढलेले बाबा इथे अगदी दुर्मीळ नाहीत. त्यांनी २३० व्होल्टच्या वायरींपासून अंतर राखावं आणि त्या वायरींना हात लावू नये. मागच्या अंगणात सासू-सासऱ्यांसाठी वेगळी खोली असेल तर तिथे जमिनीखालून जाणारी तार बाहेरच्या वापरासाठी बनवलेलीच हवी, घरातली पांढरी केबल ओलाव्यात टिकत नाही.

एक गोष्ट लोक तपासायला विसरतात. २००० नंतरच्या काही घरांत ही तार आधीच ओढलेली असते. कपड्यांच्या कपाटात किंवा गॅरेजमध्ये एक पत्र्याचा डबा असतो, त्यात निळ्या केबलचा गुंता, आणि खोल्यांमध्ये भिंतीवर ज्यांना सगळे टेलिफोनची म्हणून दुर्लक्ष करतात अशी चौकोनी सॉकेट. ती कॅट ५ई असेल आणि प्रत्येक सॉकेटची तार स्वतंत्रपणे डब्यापर्यंत जात असेल, तर निम्मं काम घर बांधणाऱ्याने करून ठेवलं आहे. एका सॉकेटमधून दुसऱ्यात अशी साखळी केलेली असेल तर मात्र ती टेलिफोनपुरतीच. छतावर स्काय टीव्हीची तबकडी असेल तर तिची कोअ‍ॅक्स केबलही उपयोगी येऊ शकते. ‘मोका’ नावाची छोटी यंत्रं दोन टोकांना लावली की त्याच केबलवरून इंटरनेट जातं आणि बऱ्यापैकी चांगलं जातं. विजेच्या सॉकेटमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन प्लग मात्र घराच्या वायरिंगवर फार अवलंबून. एका घरात चालतात, शेजारच्या घरात रडवतात.

तारेवर घेतलेल्या टीव्हीबाबत एक इशारा. पुष्कळ स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचंच असतं, मग टीव्ही कितीही महाग असो. वेग मोजला तर वाय-फायवर जास्त आकडा दिसतो आणि मुलगा विजयी मुद्रेने केबल काढून टाकतो. चित्रपटाला १०० पुरे आहेत, आणि टीव्ही वाय-फायवरून उतरला की बाकीच्यांना जागा मिळते. केबल परत लावावी.

तार अजिबात शक्य नसेल तर मेश. दोन-तीन डबे घरात वेगवेगळ्या जागी ठेवायचे आणि त्यांनी मिळून एकच वाय-फाय बनवायचं. पण डबे आपसात बोलतात तेही हवेतूनच, म्हणजे त्याच पट्ट्यात आणखी वर्दळ. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा सांगतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. आपसातल्या बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ असलेली मेश यातून बरीच सुटते. आणि तार असेल तर मेशचे डबे तारेने जोडावेत, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने चांगली चालते. डबा जिथे सिग्नल मरतो तिथे ठेवायचा नसतो. तिथे त्यालाही काही ऐकू येत नाही. अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या डोक्यावर, सिलिंडरच्या कपाटापासून दूर, ही त्याची जागा.

एवढं झाल्यावर राउटरचा बॉक्स हातात घ्यावा. बॉटनी टाउन सेंटरला शनिवारी चक्कर मारताना दुकानांतल्या बॉक्सवर मोठे आकडे दिसतात. एएक्स ३००० म्हणजे काय? २.४ च्या पट्ट्यावरचे जास्तीत जास्त ५७४ आणि ५ च्या पट्ट्यावरचे २४०२, दोन्हींची बेरीज करून गोल केलेला आकडा. कोणताही एक फोन दोन्ही पट्टे एकदम वापरून हा आकडा गाठत नाही. दोन अँटेनांचा, ‘वाय-फाय ६’ या पिढीचा नेहमीचा फोन सर्वसाधारण ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर कागदोपत्री १२०१ पर्यंत जातो, आणि प्रत्यक्षात त्याच खोलीत असला तरी त्याच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त वेग देतो. सहा अँटेनांचा राउटर दोन अँटेनांच्या फोनला दोनच अँटेनांइतकं देऊ शकतो. म्हणून घरातले फोन-लॅपटॉप वाय-फाय ६ चे असतील तर सध्या वाय-फाय ६ चा मध्यम राउटर पुरेसा आहे. न्यूझीलंडने ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, वाय-फायसाठी मोकळा केला आहे. तिथे गर्दी नाही, पण ही लहर सगळ्यांत आखूड आहे. तिचा फायदा त्याच खोलीत, सिलिंडरपलीकडे नाही. वाय-फाय ७ आकर्षक आहे, पण घेणाऱ्याने आधी घरातली किती उपकरणं ते बोलतात हे मोजावं.

भारतातून येताना बॅगेत राउटर आणण्याचा मोह अनेकांना होतो. तिकडे स्वस्त पडतो, हे खरं. इथे मात्र काही अडचणी आहेत. प्लग वेगळा, हे किरकोळ. अनेक जोडण्यांसाठी राउटरला ‘व्हीलॅन १०’ ही खूण सांगावी लागते, आणि ती सोय नसलेला राउटर ओएनटीला जोडूनही दगडासारखा बसून राहतो. शिवाय चॅनलचा देश बदलता न येणारे राउटर इथल्या नियमांत बसतीलच असं नाही. इथल्या दुकानातून घेतलेल्या वस्तूला १९९३ च्या कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टचं संरक्षण असतं. छापील वॉरंटी संपली तरी वस्तू वाजवी काळ टिकायला हवी, असा त्याचा आशय. बॅगेतून आलेल्या राउटरला हे लागू नाही.

निवडताना कंपनी सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं देते हे बघणं अँटेना मोजण्यापेक्षा महत्त्वाचं. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरने पन्नासहून जास्त देशांतले किमान पाच लाख राउटर आणि साठवणुकीची यंत्रं पोखरली होती, आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून चालू करायचं आवाहन केलं होतं. त्यांतली बरीच यंत्रं घरातलीच, कोपऱ्यात विसरलेली. डब्यावर छापलेला अ‍ॅडमिनचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि पाहुण्यांसाठी व कॅमेऱ्यासारख्या वस्तूंसाठी वेगळं नेटवर्क ठेवावं.

वीज गेली की काय, हा प्रश्न वयस्कर आई-बाबा घरी असतील तर महत्त्वाचा. जुन्या तांब्याच्या टेलिफोनला एक्स्चेंजकडून वीज मिळायची. ओएनटी आणि राउटर घरच्या विजेवर चालतात, त्यामुळे दिवे गेले की लँडलाइनही जाते. ज्यांना वैद्यकीय किंवा सुरक्षेच्या कारणाने १११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावण्याची जास्त गरज पडू शकते आणि ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान आठ तास तो लावता येईल अशी सोय कंपनीने विनामूल्य द्यावी, असा कॉमर्स कमिशनचा नियम आहे. ही सोय मागावी लागते.

राहिले भाड्याच्या घरातले लोक. नवीन आलेली बहुतेक कुटुंबं पहिली काही वर्षं भाड्यानेच राहतात, आणि भिंतीला भोक पाडायची हिंमत होत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून कायदा असा आहे की भाडेकरूने मागितलं आणि घरमालकाला खर्च पडणार नसेल, तर काही अपवाद सोडता त्याने फायबरची जोडणी नाकारता कामा नये. छोटे, पुन्हा पूर्ववत करता येण्यासारखे बदलही विनाकारण अडवता येत नाहीत. जोडणी नव्यानेच येणार असेल तर ओएनटी कुठे बसवायची हे तंत्रज्ञ येण्याआधीच घरमालकाशी लेखी ठरवावं. गॅरेजऐवजी दिवाणखान्याच्या किंवा जिन्याजवळच्या भिंतीचा आग्रह धरावा, कारण एकदा बसलेली पेटी नंतर हलवायला पैसे पडतात. पेटी आधीच गॅरेजमध्ये असेल तर भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीवरून चिकटवलेली चपटी कॅट ६ केबल दाराच्या फटीतून आत आणता येते, आणि राउटर घराच्या मध्यावर ठेवता येतो. घर सोडताना ती गुंडाळून पुढच्या घरी नेता येते.